दुखलं म्हणायची तालीम

बर्फाच्या पाण्यात हात ठेवायच्या चाचणीत मी एका सेकंदात हात बाहेर काढला आणि बायकांची बाजू इतक्या वाईट रीतीने हरली, की पुरुषांनासुद्धा आमची लाज वाटली. हे वाक्य आता खोडून टाका. अशी कुठलीही चाचणी आमच्या कोळंबी सोलायच्या शेडमध्ये झाली नाही, असं कंपनीचं म्हणणं आहे. म्हणणं लेखी आहे आणि खाली शिक्का आहे. शिक्क्यापुढे मी कोण? तर जे झालंच नाही, ते साधारण असं झालं.

नेवरेकर साहेब आमचा अर्ज दोन बोटांच्या चिमटीत धरून आले. आम्ही चाळीस बायका स्टीलच्या लांब टेबलांना लागून उभ्या होतो. दर दोघींमध्ये एक टब, टबात कोळंबी, बर्फ आणि पाणी. डोकं मोडायचं, पाठ चिरायची, काळा दोरा ओढून काढायचा, सोललेली कोळंबी पलीकडच्या टबात टाकायची. तिथेही बर्फच. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, उघड्या हातांनी.

"हे कुणी लिहिलं?" साहेब म्हणाले.

"सगळ्यांनी," जुलेखाचाची म्हणाली. चाची आमच्यात सगळ्यात जुनी. साहेब शेडमध्ये मॅनेजर म्हणून आले तेव्हा कोळंबी कशी धरायची हे त्यांना तिनेच दाखवलं होतं.

"अक्षर एकीचंच आहे."

"बाकीच्यांचे हात पाण्यात होते."

अक्षर माझं होतं. मी तेव्हा वीस वर्षांची होते, बारावीला भौतिकशास्त्रात राहिले होते आणि शेडमध्ये माझ्याइतकं शिकलेलं दुसरं कुणी नव्हतं. अर्जात आम्ही दोन गोष्टी मागितल्या होत्या. प्रत्येकीला रबरी हातमोजे आणि टेबलाशेजारी कोमट पाण्याचं एक पिंप.

"कोल्ड स्टोरेजमधल्या गड्यांना हातमोजे हायत, जाकीट हाय, गमबूट हायत," चाची म्हणाली. "अर्धा तास आत गेले की पाव तास उन्हात बसून चहा पितात. आमी काय वेगळं मागितलंव?"

"अहो, आत वजा अठरा असतं. तुमच्या टबात शून्य. शून्य म्हणजे काहीच नाही."

हे वाक्य ऐकल्यावर भौतिकशास्त्रात राहिल्याचं माझं दुःख बरंच कमी झालं.

"शिवाय," साहेब म्हणाले, "बायकांना थंडी मुळातच कमी लागते. माझी आई भर पौषात विहिरीच्या पाण्यानं आंघोळ करायची. तोंडातून हूं की चूं नाही."

"पौषात विहिरीचं पाणी कोमट असतं, साहेब," चाची म्हणाली.

चाळीस बायकांनी माना हलवल्या. साहेबांनी अर्जाची घडी घातली.

"ते असो. अर्जाला पुरावा लागतो. माझा भाचा डॉक्टरकीच्या पुढचं शिकतो. थंडीच्या वेदनेत बाई आणि पुरुष यांच्यात काय फरक असतो, हाच त्याचा विषय आहे. रविवारी येतोय. शास्त्रीय चाचणी घेऊ. बर्फाची बादली, तीन पुरुष, तीन बायका. ज्यांना जास्त दुखेल त्यांना साहित्य. एकदम न्याय."

दुपारी फळ्यावर परिपत्रक लागलं. मी ते जेवणाच्या सुट्टीत मोठ्याने वाचून दाखवलं. 'ज्या गटास थंडीची वेदना लवकर जाणवेल, त्या गटास संरक्षक साहित्य देण्यात येईल. दुसऱ्या गटास त्याची आवश्यकता नाही असे समजण्यात येईल.' खाली सही, शिक्का आणि सहभागी बायकांची नावं. एक, जुलेखा होडेकर. दोन, सुगंधा चोगले. तीन, हेमलता पावसे. म्हणजे मी.

"हेमाला बरोब्बर घेतलान," सुगंधाकाकी खूश होऊन म्हणाली. "आपली हेमा म्हणजे काय. तीन दिवस हात काढणार नाय."

आमच्या शेडमध्ये एक रीत होती. नवी मुलगी कामाला आली की पहिल्याच दिवशी तिचा हात बर्फाच्या टबात घालायचा आणि बाकीच्यांनी एकेक करून आपापल्या नवऱ्याचं नाव उखाण्यात घ्यायचं. दहा उखाणे होईपर्यंत हात ठेवला तर पोरगी कामाची. बहुतेकींचा हात चौथ्या-पाचव्या नवऱ्याला बाहेर यायचा. पुढे पुढे जुन्यांमध्येही पैजा लागायला लागल्या. मागच्याच महिन्यात मी सव्वीस उखाणे हात ठेवला होता. सत्ताविसावा कुणाला सुचेना म्हणून पैज थांबली. माझा हात तयारच होता. साहेब आपल्या काचेच्या खोलीतून हे सगळं बघायचे आणि हसायचे.

मी कॉलर ताठ केली. ओढणीला कॉलर नसते, तरी केली.

चाचीने भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून ठेवला.

"हेमा, ते परत वाच गो. लवकर जाणवेल म्हणून जे हाय ते."

मी वाचलं.

"म्हंजे तू हात ठेवलास तर आमच्या चाळीस जणींच्या मोजेजोड्या गेल्या," चाची म्हणाली. "त्याला ठाऊक हाय आपण कशा हाव ते. म्हणून तर तुझं नाव घातलान."



"मग काय, हरायचं?" काकी म्हणाली. "त्या महेंद्रासमोर?"

महेंद्र हा कोल्ड स्टोरेजच्या गड्यांचा म्होरक्या. दिसायला उंच, बोलायला त्याहून उंच. काकीच्या मुलीशी, सरिताशी, त्याचं लग्न जवळजवळ ठरलं होतं, काकीचा शेवटचा होकार तेवढा बाकी होता. काकी तो गेले तीन महिने राखून होती, आणि त्या तीन महिन्यांत महेंद्राने तिच्या घराची कौलं दोनदा शाकारून दिली होती.

"हरायचं नाय," चाची म्हणाली. "खरं सांगायचं. दुखतं का नाय?"

बायका आपापल्या डब्यात बघायला लागल्या.

"सुगंधा, रात्री तुझी बोटं ठणकतात का नाय?"

"तेवढं चालायचंच गो."

"चालायचंच म्हणू नको. दुखतं म्हण."

"दु..." काकीला हसू फुटलं. "मला नाय जमत. चार बाळंतपणं झाली, तेव्हा नाय म्हटलं."

तर अशा रीतीने आमच्या शेडमध्ये दुखलं म्हणायची तालीम सुरू झाली. रोज जेवणाच्या सुट्टीत, शनिवारपर्यंत. चाचीने टबासमोर एकेकीला उभं केलं. हात घालायचा, काढायचा, दुखलं म्हणायचं. इतकंच. चाळीस बायकांपैकी एकीलाही पहिल्या दिवशी जमलं नाही. कुणी हात घालायची आणि सवयीने खाली कोळंबी चाचपायला लागायची. कुणी काढायची आणि म्हणायची, "काय नाय गो, बरी हाय." एकीने दुखलं म्हटलं आणि लगेच चाचीची माफी मागितली. एक जण म्हणाली, मी माझ्या सासूचं दुखलं म्हणून सांगू का, ते मला येतं.

"आवाज काढा," चाची म्हणायची. "मासळी विकताना कसा निघतो?"

शनिवारी मात्र काकीने डोळे मिटले, हात घातला, काढला आणि म्हणाली, "दुखलं." इतक्या हळू, की आधी कुणाला कळलंच नाही. मग ती खाली बसली आणि बराच वेळ पदराने हात पुसत राहिली. हात केव्हाच कोरडा झाला होता.

मी तालमीला उभी राहिले नाही. मी म्हटलं, "चाची, मला जमेल गं, एक शब्द तर आहे." खरं म्हणजे मला करायचंच नव्हतं. माझ्याकडे त्या वयात दाखवण्यासारखं दुसरं काही नव्हतं. बारावी गेलेली, रंग बेताचा, एक सव्वीस उखाण्यांचा विक्रम होता, आणि तोही भर अंगणात महेंद्रासमोर बुडवायचा होता. चाचीने माझ्याकडे नुसतं बघितलं. मोजेजोड्यांचा विषय तिने परत काढला नाही, म्हणून मला जास्तच राग आला.

रविवारी निनाद आला. साहेबांचा भाचा. चोविसेक वर्षांचा, चष्मा, पांढरा कोट, आणि कोटाच्या खिशात थर्मामीटर. कोळंबीच्या वासाने त्याचा चेहरा पहिल्या पाच मिनिटांतच मावळला होता, पण मुलगा सभ्य होता, बोलला नाही. बर्फ फोडायला मला त्याच्याबरोबर पाठवलं.

"तुमच्या पुस्तकात काय लिहिलंय?" मी विचारलं. "कुणाला जास्त दुखतं?"

"बऱ्याच अभ्यासांत बायका लवकर हात काढतात असं दिसतं. म्हणजे वेदना लवकर सांगतात. पण ते तितकं सरळ नाहीये," तो म्हणाला. शास्त्राचा विषय निघाल्यावर त्याला वासाचा विसर पडला. "पुरुष लपवतात. घड्याळ बाईच्या हातात असेल तर पुरुष दुखणं कमी सांगतात, असंही काहींना आढळलंय. म्हणून घड्याळ मीच धरणार आहे."

मी बर्फाचा एक खडा फोडला. मग दुसरा फोडला.

"तुम्ही आकडे लिहिणार, थर्मामीटर बघणार, बादली ढवळणार आणि घड्याळपण धरणार?"

"हो, ती अडचण आहेच."

"सुगंधाकाकी धरेल की. मोठी बाई आहे. तिच्याकडे बघून कुणाला काय वाटायचंय?"

त्याला ते पटलं. मुलगा सभ्य होता हे मी आधीच सांगितलंय.

अंगणात बादली मांडली. साहेब खुर्चीवर बसले. एका बाजूला चाळीस बायका, दुसऱ्या बाजूला आठ गडी. निनादने नियम सांगितला. मनगटापर्यंत हात घालायचा. दुखायला लागलं की दुखलं म्हणायचं आणि काढायचा. पाच मिनिटांच्या वर कुणालाही ठेवू देणार नाही. आधी पुरुष.

महेंद्र बाह्या सरसावून पुढे आला, आणि समोर घड्याळ घेऊन बसलेली काकी त्याला दिसली.

"ये बाबा, बस," काकी म्हणाली. "घाल हात."

त्याने हात घातला. निनाद लाकडी पळीने पाणी ढवळत होता, म्हणजे हाताभोवती ऊब धरायची सोय नव्हती. एक मिनिट गेलं. महेंद्र आभाळाकडे बघायला लागला.

"दुखतं काय रे?" काकीने विचारलं.

"नाय."

"दुखलं तर सांग हां. लाजू नको."

"कशाला दुखेल, काकी. बरं वाटतंय. उलट गारेगार."

साहेब खुर्चीत पुढे सरकले. "महेंद्र, उगाच त्रास करून घेऊ नकोस. काढ."

"साहेब, पाणी थंड कुठाय? बर्फ घाला की अजून."

दोन मिनिटांनंतर त्याचा चेहरा सोललेल्या कोळंबीसारखा झाला. तीननंतर शिजलेल्या. काकीने घड्याळावरून नजर उचलली आणि अगदी मायेने विचारलं, "सरिताला काय सांगू?"

"सांगा," तो म्हणाला. त्याचे दात एकमेकांवर आपटत होते. "मजेत हाय."

पाच मिनिटं झाल्यावर निनादने त्याचा हात स्वतः धरून बाहेर काढला. हात जागच्या जागी तसाच उभा राहिला, मालकाला विचारल्याशिवाय. निनादने विचारलं, दुखलं केव्हा? महेंद्र म्हणाला, नाही दुखलं. तसंच लिहिण्यात आलं. त्याच्या मागून त्याचे दोघे चुलतभाऊ आले. महेंद्रापेक्षा कमी वेळ ठेवायची सोय उरली नव्हती, कारण संध्याकाळी एकाच घरी परत जायचं होतं. एक जण पूर्ण पाच मिनिटं डोळे मिटून पुटपुटत होता. दुसरा काकीकडे बघून हसत होता, आणि तसाच हसत हसत बाजूला कलंडला. त्याला उन्हात निजवलं. त्यानेही शुद्धीवर आल्याबरोबर पहिलं वाक्य हेच म्हटलं, की दुखलं नाही.

साहेबांचा रुमाल दोनदा कपाळावर फिरला. पण माझ्याकडे बघून त्यांना धीर आला.

काकीने घड्याळ निनादकडे दिलं. चाची पुढे झाली. हात घातला, काढला.

"दुखलं," चाची म्हणाली. मासळी विकतानाच्या आवाजात. कुंपणावरचा कावळा उडाला.

"अहो, एक सेकंदही..." निनाद म्हणाला.

"तुमी म्हटलंव ना, दुखलं की काढा. दुखलं."

मग काकी. तिने एकदा महेंद्राकडे बघितलं. तो काखेत हात दाबून बसला होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते ऊन लागल्यामुळे असावं. काकीने हात घातला, काढला.

"मला पण दुखलं," ती म्हणाली. आणि मग, कुणी विचारलं नव्हतं तरी, "रात्री पण दुखतं. वेणी घालता येत नाय मला. सरिता घालते."

महेंद्राने मान वळवून तिच्याकडे बघितलं. हसला नाही.

मग मी.

"हेमा," साहेब खुर्चीतून उठले. "या दोघी वयस्कर आहेत. तू शेडचा मान आहेस. सव्वीस उखाणे, मी स्वतः मोजलेत. आज दाखव सगळ्यांना."

"तिला कुठलं जमतंय?" पडल्या पडल्या महेंद्राचा चुलतभाऊ म्हणाला. "ती पण कुईं करून काढणार."

मी बादलीसमोर बसले. खरं सांगते, त्या क्षणापर्यंत मी काय करणार हे मला माहीत नव्हतं. चाची माझ्याकडे बघत नव्हती, मुद्दाम दुसरीकडे बघत होती. मी हात घातला आणि ठरवलं की आधी दुखू दे, मग बघू.

दुखलं नाही.

अंगठ्याला गार लागलं. त्याच्या शेजारच्या दोन बोटांना थोडं लागलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं, या दोन बोटांना काहीही नाही. थंड नाही, ओलं नाही. दोन्ही बोटं पाण्यात आहेत की बादलीच्या बाहेर राहिली, हे बघायला मी मान खाली घातली. आत होती. बर्फाचा खडा त्यांना लागून तरंगत होता. मी ती हलवली. हलली. कामाला चोख होती, फक्त माझी वाटत नव्हती. मागच्या महिन्यात सव्वीस नवऱ्यांची नावं ऐकताना मी जे सोसलं असं मला वाटत होतं, ते मी सोसलं नव्हतं. तिथे सोसायला कुणी नव्हतंच.

एका सेकंदात इतकं सगळं मावतं. मी हात काढला.

"दुखलं," मी म्हटलं.

साहेब मटकन खुर्चीत बसले. चुलतभाऊ हसायला लागला आणि महेंद्राने त्याच्या पाठीत न दुखणाऱ्या हाताने एक ठेवून दिली.

निनाद मात्र माझ्या हाताकडे बघत होता. त्याने मला बाजूला बोलावलं, खिशातून टाचणी काढली. "इकडे बघू नका. टोचतंय?"

"कधी टोचणार आहात?"

त्याने टाचणी परत खिशात ठेवली. "किती दिवस झाले?"

"माहीत नाही. आजच कळलं."

"डॉक्टरांना दाखवा. लवकर." मग तो अडखळला. "आणि मला तुमची नोंद वगळावी लागेल. तुमच्या बोटांना संवेदना नाहीये. तुम्हाला दुखलं नाही."

मागे साहेबांचे कान टवकारलेले मला दिसले. तीनातली एक नोंद गेली की चाचणी रद्द, परिपत्रक रद्द.

"वगळायची नाही," मी म्हटलं. "लिहा, दुखलं."

"पण ते खरं नाही."

"खरं आहे. फक्त आजचं नाही. मी दोन वर्षं रोज हात घालतेय त्या पाण्यात. कधी ना कधी दुखलंच असणार, त्याशिवाय गेलं कसं? तेव्हा तुम्ही घड्याळ घेऊन आला नव्हतात. उशीर तुमचा झालाय, माझा नाही."

त्याने पेनाचं टोपण लावलं, परत काढलं. मग त्याने लिहिलं. एक सेकंद. दुखलं. पुढे जाऊन आपल्या प्रबंधात त्याने ती नोंद ठेवली की काढली, मला ठाऊक नाही. त्या दिवशी ठेवली.

पुढचं थोडक्यात. परिपत्रकावर सही होती, त्यामुळे सोमवारी गड्यांचे हातमोजे काढून आम्हाला देण्यात आले. ते मोजे एवढे मोठे होते, की दोघींनी मिळून एक घातला असता. दुखतच नसल्यामुळे गडी उघड्या हातांनी कोल्डमध्ये गेले. बुधवारी महेंद्र आठही गड्यांना घेऊन साहेबांच्या काचेच्या खोलीत गेला आणि दार उघडं ठेवून, आम्हा सगळ्यांना ऐकू येईल असं, "साहेब, दुखलं," म्हणाला. बाकीचे सात त्याच्या मागे म्हणाले. त्यांना तालमीची गरज पडली नाही, दोन दिवस पुरले. काकीने त्याच संध्याकाळी होकार कळवला. शनिवारी सगळ्यांचे मोजे आले, आमचे आमच्या मापाचे, आणि पिंप आलं. परिपत्रक फळ्यावरून गेलं आणि त्या जागी चाचणी झाली नसल्याचं पत्रक लागलं.

मला डॉक्टरांनी तपासलं. बोटं राहतील म्हणाले, बाकीचं सांगता येत नाही. त्याला आता अकरा वर्षं झाली. अंगठ्याशेजारची दोन बोटं सावरली. उरलेल्या दोघांच्या वतीने मी हा अर्ज लिहिते आहे.

प्रति,
हा विभाग ज्यांच्याकडे येत असेल ते सक्षम अधिकारी.
विषय: वेदना परत मिळणेबाबत.

महोदय, वरील विषयास अनुसरून अर्ज करते की, माझ्या उजव्या हाताची करंगळी व अनामिका यांमधील दुखणे कामाच्या वेळेत, कामाच्या जागी, कामाच्या पाण्यात जमा झाले असून त्याची पोच मला देण्यात आलेली नाही. सदर दुखणे माझ्या मालकीचे आहे. ते मला सोसवेल की नाही, बाई असल्यामुळे जास्त सोसवेल की कमी, याची चाचणी न घेता ते आहे त्या स्थितीत, पूर्णपणे व थंडच, मला परत करण्यात यावे, ही विनंती.